बंद लॉकर आणि दिलेला शब्द : ‘झीरो टाइम डिलेमा’ या खेळातील संभाव्यतेचे कोडे व संगीत

‘झीरो टाइम डिलेमा’ हा कोतारो उचिकोशी या जपानी लेखक-दिग्दर्शकाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला व्हिडिओ गेम. ‘नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स’ (२००९) व ‘व्हर्च्यूज लास्ट रिवॉर्ड’ (२०१२) यांच्यानंतरचा हा मालिकेतील तिसरा खेळ होय. तिन्ही खेळांचे संगीत शिंजी होसोए यांचे आहे. या मालिकेचे चाहते तिच्याविषयी बोलू लागले म्हणजे दोन गोष्टींची स्तुती बहुधा एका दमात होते : एक होसोए यांचे संगीत, आणि दुसरी संभाव्यतेचे ते कोडे, ज्यात एक लॉकर निवडल्यावर निवड बदलावी की कायम ठेवावी असा प्रश्न पडतो. पहिलीच्या स्तुतीत ‘करुण’, ‘अविस्मरणीय’ अशी विशेषणे येतात. दुसरीच्या स्तुतीत ‘उत्तर मनाला पटत नाही, पण खरे आहे’ असे नवल व्यक्त होते. स्तुती रास्त आहे. मात्र तिचे कारण चाहते सांगतात त्याहून निराळे असावे, असे या दोन घटकांच्या बारकाईने केलेल्या परीक्षणातून दिसून येते.

प्रथम कोड्याचा विचार करू. नेवाडातील एका चाचणी-केंद्रात नऊ माणसे कोंडलेली आहेत. ‘झीरो’ या नावाने वावरणारा मुखवटाधारी त्यांचे तीन-तीनांचे गट पाडून त्यांच्यावर प्राणांतिक निर्णय लादतो. त्यांपैकी एका प्रसंगी विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा लॉकरांच्या रांगेत कोठेतरी एकाच ठिकाणी ठेवलेला आहे. पात्राने एक लॉकर निवडल्यावर उरलेल्यांपैकी एक सोडून बाकीचे उघडतात आणि ते सारे रिकामे निघतात. आता पहिल्या निवडीला चिकटून राहावे, की उरलेल्या दुसऱ्या बंद लॉकरकडे वळावे?

या कोड्याची वंशावळ सुपरिचित आहे. १९६३ साली सुरू झालेल्या ‘लेट्स मेक अ डील’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-कार्यक्रमाचा सूत्रधार माँटी हॉल याचे नाव त्याला पडले. स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात ते पत्ररूपाने मांडले, आणि १९९० साली मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या ‘परेड’ साप्ताहिकातील सदरातून ते सर्वतोमुखी झाले. निवड बदलावी, असे बाईंचे उत्तर होते. ते चूक आहे असे ठासून सांगणारी हजारो पत्रे त्यांच्याकडे आली, आणि त्यांत पीएच्.डी. मिळवलेल्या गणितज्ञांचीही पत्रे होती. उत्तर अर्थात बरोबर होते. तीन दारे असतील तर निवड बदलल्याने यशाची संभाव्यता २/३ होते; दहा लॉकर धरले आणि त्यांपैकी आठ उघडले, तर ती ९/१० होते.

पण हे उत्तर बरोबर केव्हा? उघडणाऱ्याला मुखवटा कोठे आहे हे ठाऊक असेल, आणि तो जाणूनबुजून रिकामेच लॉकर उघडत असेल, तर. त्याला काहीच ठाऊक नसेल आणि त्याने हाताला येतील ते आठ लॉकर उघडले असतील, तर निष्कर्ष पार पालटतो. पहिली निवड अचूक असण्याची संभाव्यता १/१०, आणि तसे असल्यास उघडलेले आठही रिकामे निघणार हे निश्चित. पहिली निवड चुकली असण्याची संभाव्यता ९/१०. परंतु त्या स्थितीत उरलेल्या नऊंपैकी मुखवट्याचा तेवढा लॉकर योगायोगाने बंद राहण्याची संभाव्यता अवघी १/९, म्हणजे एकूण पुन्हा १/१०. दोन्ही पारडी सारखी होतात आणि निवड बदलून काहीच पदरात पडत नाही. डोळ्यांपुढचे दृश्य दोन्ही वेळा एकच आहे : आठ उघडे, दोन बंद. तरीही एकदा उत्तर ९/१० येते, एकदा १/२. हा फरक दृश्यात नाही. दृश्य ज्या वाक्याने वर्णिले जाते त्या वाक्यात तो आहे.

भाषाभ्यासकाला हे कोडे आपले वाटावे ते येथेच. मराठीत ‘आठ लॉकर उघडले’ असे म्हटले तर ‘उघडणे’ हे क्रियापद अकर्मक की सकर्मक हे वाक्यावरून कळत नाही. लॉकर आपोआप उघडले, असाही अर्थ होतो. ‘त्याने’ हा कर्ता अध्याहृत धरला तर कोणीतरी ते उघडले, असाही होतो. दोन्ही अर्थ खुले ठेवणाऱ्या या वाक्यावर गणित उभे करता येत नाही. आता ‘आठ लॉकर उघडून पाहिले’ असे म्हणा. ‘पाहणे’ या सहायक क्रियापदाने कर्त्याचे अज्ञान सूचित झाले : आत काय आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून पाहिले. उत्तर १/२. ‘आठ लॉकर उघडून दाखवले’ असे म्हटले तर? दाखवणाऱ्याला दाखवायचे काय ते आधी ठाऊक असते. दाखवण्यात ज्ञान आणि हेतू दोन्ही गृहीत आहेत. उत्तर ९/१०. केवळ सहायक क्रियापद बदलल्याने गणिताचे उत्तर बदलावे, असे उदाहरण व्याकरणाच्या वर्गात सहसा मिळत नाही. योगायोग असा की, हा खेळ ज्या भाषेत लिहिला गेला त्या जपानीतही हाच भेद जवळजवळ याच साधनांनी होतो. ‘अकु’ हे अकर्मक आणि ‘अकेरु’ हे सकर्मक अशी तेथे दोन वेगळी क्रियापदे आहेत. शिवाय ‘अकेते मिरु’ म्हणजे उघडून पाहणे, ‘अकेते मिसेरु’ म्हणजे उघडून दाखवणे. धातुसाधिताला ‘पाहणे’ व ‘दाखवणे’ यांची जोड देण्याची ही रीत दोन्ही भाषांत आढळावी, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

तथापि सूत्रधाराला ठाऊक आहे, एवढ्याने भागत नाही. व्हॉस सॅव्हंट यांच्या सदरातील प्रश्नात सूत्रधाराला दारांमागचे ठाऊक असल्याचा उल्लेख होता. प्रत्येक वेळी रिकामे दार उघडून बदलाची संधी देण्यास तो बांधलेला आहे, हा उल्लेख मात्र नव्हता. या उणिवेचे मर्म सर्वांत नेमके उलगडून दाखवले ते खुद्द माँटी हॉल यांनीच. १९९१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आलेल्या एका वृत्तलेखात, सूत्रधाराच्या मनात असेल तर स्पर्धकाची निवड बरोबर असतानाच तो बदलाचे आमिष दाखवू शकतो, हे त्यांनी प्रत्यक्ष खेळून सिद्ध केले. अशा सूत्रधारापुढे निवड बदलणारा प्रत्येक वेळी हरतो. तात्पर्य, २/३ किंवा ९/१० हे आकडे सूत्रधाराच्या ज्ञानाइतकेच त्याच्या वचनबद्धतेवर अवलंबून आहेत. तो नियम पाळणारा आहे की लबाड आहे, याचा निकाल संभाव्यताशास्त्र लावू शकत नाही. तो निकाल माणसाच्या पूर्वचरित्रावरून लावावा लागतो.

‘झीरो टाइम डिलेमा’ची खरी कामगिरी हीच की, हे पूर्वचरित्र त्याने पुरवले आहे. पाठ्यपुस्तकातील सूत्रधाराला भूतकाळ नसतो, झीरोला आहे. खेळाच्या आरंभीच तो कैद्यांपुढे एक नाणे धरतो. त्याची एक बाजू लाल, दुसरी निळी. कौल बरोबर आला तर सुटका, चुकला तर मरणाचा खेळ सुरू. खेळाडूचा कौल बरोबर आला की सर्वजण खरोखरच सुटून बाहेर वाळवंटात येतात, आणि खेळ तेथेच संपल्यासारखा होतो. इतक्या लवकर लाभलेल्या या सुखान्ताची चाहते बहुधा गंमत म्हणून आठवण काढतात. वस्तुतः तो पुढील कोड्याचा आधार आहे. कोंडणारा क्रूर असेल, पण दिलेला शब्द तो अक्षरशः पाळतो, हे गृहीतक त्या प्रसंगाने सिद्ध होते. लॉकरांच्या खोलीत ‘निवड बदल’ असे म्हणणारा खेळाडू ९/१० हा आकडा पाठ असल्यामुळे ते धैर्य करतो असे त्याला वाटते. खरे पाहता तो शत्रूच्या शब्दावर विसंबत असतो. कोड्याच्या शास्त्रीय मांडणीत जे कलम वाक्यात घालावयाचे राहून गेले, ते येथे कथानकाने भरून काढले आहे. चाहत्यांना कोडे ‘अंगावर येते’ ते यामुळे.

याउलट, तीन फाशांचा प्रसंग चाहत्यांनी वाखाणला असला तरी तो दुबळा ठरतो. तीनही फाशांवर एक-एक पडले तरच जीव वाचणार, म्हणजे २१६ मध्ये १. खेळाने या प्रसंगाला ‘मानवी तत्त्व’ अशा अर्थाचे, ब्रँडन कार्टर यांनी १९७३ साली रूढ केलेल्या विश्वरचनाशास्त्रीय संज्ञेचे नाव दिले आहे : जगणारा निरीक्षक अनुकूल इतिहासातच आढळणार, हा त्यातील विचार. परंतु खेळाडू मागे जाऊन पुन्हा फासे टाकू शकतो. अशा स्थितीत सुमारे १५० वेळा फासे टाकल्यास निम्मी आशा असते, एवढीच गोष्ट उरते. एवढ्यासाठी एवढे भारदस्त नाव कशाला? येथे कोणाच्या शब्दाचा प्रश्न नाही, फक्त चिकाटीचा आहे. म्हणून प्रसंग लांबतो, पण खोल जात नाही.

आता संगीत. होसोए हे पूर्वी नामको कंपनीत होते. ‘रिज रेसर’ (१९९३) या मोटारशर्यतीच्या खेळाच्या वेगवान टेक्नो संगीतात त्यांचा वाटा होता. शर्यतीतील संगीताने वेग वाढवावा लागतो. कोड्याच्या खोलीतील संगीताला नेमके उलट करावे लागते. खेळाडू एका खोलीत पाच मिनिटे असेल की पाऊण तास, हे संगीतकाराला ठाऊक नसते. तेव्हा धून आवर्तनी हवी, कंटाळा येऊ नये इतकी हलती हवी, आणि विचाराच्या आड न येण्याइतकी मागे हवी. इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या थरांतून हे साधण्यात होसोए निष्णात आहेत. परंतु याहून अवघड अट दुसरीच आहे. चित्रपटातील संगीत पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच सांगत असते. संकट येण्याआधी वाद्ये ते कळवतात. कोड्याच्या खेळात संगीताने असे केले तर ते उत्तर फोडते. संगीतकाराला कोणत्या लॉकरमागे काय आहे हे ठाऊक असते, आणि तरी त्याने कानाला काही कळू द्यावयाचे नसते. शिवाय या तिसऱ्या खेळात कथेचे तुकडे खेळाडू कालक्रमाविना उचलतो. आधीचा कोणता, नंतरचा कोणता, हे त्याला माहीत नसते. म्हणून ‘आता शेवट आला’ असे सुचवणारे चढते संगीत येथे अपायकारक झाले असते. चाहते ज्याला ‘वातावरण’ म्हणतात, त्याचे बरेचसे श्रेय या संयमाला द्यावे लागेल.

‘मॉर्फोजेनेटिक सॉरो’ या धुनेची गोष्ट थोडी वेगळी आहे. पहिल्या खेळातील करुण प्रसंगांशी ती निगडित होती, आणि पुढील खेळांतही ती परत येते. चाहत्यांचे सर्वाधिक प्रेम हिच्यावर. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध व समतोल असे जे तत्त्व सांगितले, ते कलाकृतीच्या अंतर्गत घटकांविषयीचे आहे. या धुनेचा परिणाम तेवढ्याने उलगडत नाही. २०१६ च्या खेळात ती प्रथमच ऐकणाऱ्याला ती एक हळवी, जरा साधीच स्वरावली वाटेल. २००९ चा खेळ खेळलेल्याला तेच स्वर निराळा अर्थ सांगतात, कारण कोणत्या प्रसंगी ते आधी वाजले होते हे त्याला ठाऊक असते. आधीचे ज्ञान हाती असले म्हणजे समोरच्या त्याच वस्तूचे मोल पालटते. लॉकरांच्या बाबतीत गणिती याला सशर्त संभाव्यता म्हणतात. कानाच्या बाबतीत याला अजून नाव नाही. एवढे मात्र खरे की, धून स्वतंत्रपणे थोर आहे असे म्हणणारा चाहता स्मृतीचे देणे स्वरांच्या खात्यावर जमा करीत असतो. संगीत म्हणून पाहता कोड्यांच्या खोल्यांतील अनाम आवर्तने तिच्याहून अधिक कसदार आहेत.

दंडीने प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगताना रसिकांच्या गोष्ठीतील विनोद हा तिचा एक उपयोग मानला आहे. माँटी हॉलचे कोडे तशाच गोष्ठींतून जगले : पत्रांतून, सदरांतून, वर्गांतून. प्रत्येक पुनःकथनात त्याचे एखादे कलम गळाले आणि ऐकणाऱ्याने ते नकळत भरून घेतले. झीरोच्या खोलीतही हे घडते. नाण्याचा कौल आरंभी चुकलेल्या खेळाडूने झीरोला सुटकेचा शब्द पाळताना पाहिलेले नसते. धमकीचा शब्द पाळताना तेवढे पाहिलेले असते. असा खेळाडू लॉकरांपुढे आला, तर ९/१० या आकड्यावर त्याचा हक्क अर्धाच पोचतो. ते लॉकर त्याला उघडून दाखवले आहेत की नुसतेच उघडले आहेत, हे तोपर्यंत त्याच्यापुरते ठरलेले नसते.