‘अंधाधुन’चा प्रारंभ : सशाची साक्ष

थरारपटाच्या प्रारंभदृश्याने उत्कंठा जागवावी, एवढीच अपेक्षा सामान्यतः केली जाते. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ (२०१८) या पुण्यात घडणाऱ्या हिंदी चित्रपटाचे प्रारंभदृश्य याहून अवघड काम पत्करते. कोबीच्या शेतात शिरलेल्या सशामागे एक बंदूकधारी लागला आहे. सशाचा एक डोळा निकामी आहे. बार उडतो, पडदा काळा होतो आणि मोटारीच्या अपघाताचा केवळ आवाज ऐकू येतो. पुढील कथानकाशी या प्रसंगाचा धागा दीर्घकाळ जुळत नाही. प्रेक्षक तो विसरूनही जातो.

ज्या फ्रेंच लघुपटावरून (२०१०) राघवन यांनी प्रेरणा घेतली, तो अंधत्वाचे सोंग घेतलेल्या पियानो जुळविणाऱ्याला आरंभीच संकटात दाखवून मागे वळतो. राघवन यांनी तो सोपा मार्ग टाळून ससा योजिला. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर मुखसंधीतील हे बीज निर्वहणात फळास येते. क्राकोमध्ये पियानोवादक आकाश सोफीला सांगतो, की सिमी आपल्या अंगावर मोटार घालत असताना उसळलेला ससा काचेवर आदळला आणि ती अपघातात मेली. त्यानंतर हाच ‘अंध’ आकाश वाटेतला डबा काठीने अचूक उडवितो. काठीची मूठ सशाच्या तोंडाची आहे.

या अखेरीवरून त्याची सारी हकीकत खोटी ठरविण्याचा मोह होतो. परंतु प्रारंभदृश्य कोणाच्या निवेदनात येत नाही असे मानले, तर हकीकतीतील सर्वांत अविश्वसनीय अंश, म्हणजे ससाच, खरा ठरतो. उलट ते दृश्यही आकाशच्याच सांगण्यातले मानले, तर सशाचा निकामी डोळा त्याला दिसला कसा, हा प्रश्न उभा राहतो.

या पेचाची किल्ली त्या काळ्या पडद्यात आहे. अपघात झाला, एवढे आपण ऐकले. मोटार कोण चालवीत होते, तत्पूर्वी कोणावर काय अन्याय झाला, हे पाहिले नाही. निर्णायक क्षणी दिग्दर्शकाने प्रेक्षकाचेच डोळे काढून घेतले आहेत. आकाश डोळस असून न पाहिल्याचे नाटक करतो. आपण न पाहिलेले पाहिल्याच्या खात्रीने त्याचा न्याय करतो. प्रारंभदृश्याचे सामर्थ्य रहस्य दडविण्यात नसून, साक्ष देण्याचा आपला अधिकारच संशयित करण्यात आहे.