सह्याद्रिखंड आणि कोंकणची उत्पत्ति

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर 'ही परशुरामाची भूमि' असें आजही श्रद्धेनें सांगितलें जातें. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला या कथेस सह्याद्रिखंडाचा आधार देतात. हा ग्रंथ डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनीं अनेक हस्तलिखितें ताडून १८७७ सालीं मुंबईस छापिला. पुरावा म्हणून त्याचा उपयोग कितपत करावा, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

कित्येक विद्वान् या कथेंत समुद्र ओसरल्याची प्राचीन स्मृति पाहतात, व शास्त्रानें पुराण खरें ठरविलें असें मानतात. आम्हांस हें मान्य नाहीं. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. पुढें ती चढत जाऊन सुमारें ७,००० वर्षांपूर्वीं आजच्या पातळीजवळ आली. म्हणजे या किनाऱ्यावरील मनुष्यानें मुख्यतः समुद्राची चढाईच पाहिली. मागाहून पाणी थोडें हटलें असेल, वाळूचे पट्टेही वाढले असतील; परंतु तेवढ्यानें सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचें कोंकण वर येत नाहीं. शिवाय सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. मालवणकडील वालुकाश्म तर त्याहूनही फार जुना. त्या घडामोडीचा साक्षी मनुष्य असणें शक्यच नाहीं.

दुसरा दोष याहून मोठा आहे. चित्पावनांची उत्पत्ति चितास्थानाशीं जोडणारी कथाही याच ग्रंथांत आहे. पेशव्यांनीं ग्रंथाच्या प्रती दडपल्या वा नष्ट केल्या, असें ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. समुद्राची कथा शिरोधार्य आणि ही मात्र प्रक्षिप्त, असें म्हणणाऱ्यांनीं कसोटी कोणती लाविली तें सांगावें. केवळ प्रिय-अप्रियता ही कसोटी नव्हे. तसा निवाडा श्रद्धेचाही नाहीं आणि शास्त्राचाही नाहीं.

सह्याद्रिखंड स्वतःस स्कंदपुराणाचा भाग म्हणवितें. तथापि त्यांत निरनिराळ्या काळांचे थर स्पष्ट दिसतात. ते वेगळे करून, कोणत्या ज्ञातीनें कोणत्या गांवावर व कोणत्या मानावर हक्क सांगितला हें शोधिलें, तर हाच ग्रंथ इतिहासाचें उत्तम साधन ठरेल. भूमीचें वय खडकास विचारावें, वसाहतीचा अभिमान पोथीस विचारावा. परशुरामास नमस्कार करणाऱ्याची श्रद्धा यानें उणी होत नाहीं. मात्र तिला भूशास्त्राची साक्ष जोडण्याचा मोह संशोधकानें आवरावा, हेंच आमचें म्हणणें आहे.