उशाशी बसलेला नवरा : आपल्या साहित्यात न आलेले एक पात्र

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की 1990 च्या सोलापूर संमेलनापासून आजवर काही विषय हमखास पुढे येतात. फाळणीचे न केलेल्या गुन्ह्यासारखे ओझे, दंगल, तलाक, गरिबी, शिक्षण आणि मराठी-उर्दू-दखनी अशी भाषेची ओढाताण. या विषयांवर आपल्या लेखकांनी पोटतिडकीने लिहिले आणि ते लिहिणे गरजेचेच होते. पण या यादीत आजारपण नाही. त्यातही बाईचे आजारपण नाही. आणि बाईला स्तनाचा कर्करोग झाला, तिचे ऑपरेशन झाले, केमो झाली, ती बरी होऊन पुन्हा चुलीपाशी, शाळेत, शेतावर उभी राहिली आणि या सगळ्यात तिचा नवरा तिच्या सोबत होता, अशी एकही मुस्लिम मराठी कथा किंवा आत्मकथन निदान माझ्या वाचनात आलेले नाही.

घरे तर अशी आहेत. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावातही दोन-चार मोहल्ले फिरलात तर असे एखादे घर सापडतेच. मग ते लेखनात का येत नाही, हा प्रश्न मला या लेखात मांडायचा आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. मी उर्दू शिकवतो. कर्करोगाला उर्दूत 'सरतान' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीतला 'कर्क' म्हणजेही खेकडाच. म्हणजे रोगाचे नाव दोन्ही भाषांत एकाच प्राण्यावरून पडले. परंतु रोग ज्या अवयवाला होतो त्याचे नाव घेताना दोन्ही भाषा अडखळतात. मराठीतला 'स्तन' हा पुस्तकातला शब्द. आपल्या घरात तो कोणी उच्चारत नाही. उर्दूतला 'सीना' गझलेत हजारदा येतो, पण तो सीना म्हणजे काळीज, हिंमत, दुःखाची जागा. त्या शब्दाने गाठ दाखवता येत नाही. दखनी बोलणारी आपली बाई मग नवऱ्याला सांगते की बगलेत दुखते, खांदा धरला आहे, अंगात कसर आहे. अनेक महिने अशा शब्दांत जातात. शब्दांची ही टंचाई केवळ भाषेची उणीव नाही. तिच्यामुळे निदान लांबते आणि लांबलेल्या निदानाची किंमत जिवाने मोजावी लागते.

दुसरी अडचण नमुन्याची आहे. आजारपण आणि दांपत्य म्हटले की आपल्यापुढे लहानपणापासून एकच गोष्ट उभी असते, हजरत अय्यूब (अ.) यांची. देह रोगाने ग्रासलेला, माणसे पांगलेली आणि सेवेला एकटी पत्नी. कुरआनात तिचे नाव नाही; आपल्या वाजांमधून, कहाण्यांमधून ती बीबी रहिमा म्हणून घराघरात पोहोचली. ही गोष्ट थोर आहे, यात शंका नाही. पण हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्याने एक समज पक्का झाला : आजारी पडायचे पुरुषाने आणि सेवा करायची बाईने. बाई आजारी पडली तर ती माहेरी जाते, किंवा नणंद-जाऊ-मुलगी तिचे बघते. नवरा दवाखान्याच्या बाहेर पानटपरीवर उभा असतो.

वास्तविक आपल्याच इतिहासात दुसरी गोष्टही आहे. हिजरी 2 मध्ये बद्रच्या लढाईची वेळ आली तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी (स.) उस्मान यांना मदिनेत पत्नीजवळ थांबायला सांगितले. बद्रमध्ये मुसलमान जिंकले. विजयाची खबर मदिनेत पोहोचली तेव्हा हजरत रुकय्या यांचे निधन झालेले होते. उस्मान यांना मात्र रणांगणावर लढणाऱ्यांइतकेच पुण्य आणि लुटीतला वाटा मिळाला. इस्लामच्या पहिल्या मोठ्या लढाईत आजारी पत्नीच्या उशाशी बसणे हे लढण्याच्या बरोबरीचे धरले गेले. किती वाजांमध्ये आपण ही गोष्ट अशा अंगाने ऐकली आहे? बद्र ऐकली, उस्मान यांचे दातृत्व ऐकले; ते उशाशी बसणे मात्र ओझरते राहिले.

आता साहित्याकडे येऊ. आपल्या पुरते पाहिले तर आजारपण आणि संसार यांचे सर्वांत ठसठशीत चित्रण मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या 1995 च्या आत्मकथनात आहे. हमीद दलवाईंचे विचार कोणाला पटोत न पटोत, हे पुस्तक एका संसाराचा दस्तऐवज म्हणून वाचायला हवे. हमीदभाई चळवळीत, घराला आधार मेहरुन्निसाबाईंच्या नोकरीचा. मूत्रपिंडे निकामी होऊन 3 मे 1977 रोजी हमीदभाई वारले तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्याही आत होते. आजारी पुरुष, कमावणारी आणि सेवा करणारी बाई, तीच पुढे लेखणी घेणारी बाई. म्हणजे अय्यूब-रहिमेचाच नमुना, पण एक मोठा फरक पडला : इथे रहिमा स्वतः बोलली. मुस्लिम मराठी साहित्याला हे मोठे देणे आहे. तरी प्रश्न उरतोच. उद्या मेहरुन्निसाबाईंसारखी एखादी आजारी पडली असती तर 'मी भरून पावलो आहे' असे कोणा पुरुषाने लिहिले असते का?

उर्दूत यापेक्षा बोचरे उदाहरण आहे. सफिया अख्तर यांची पती जाँनिसार अख्तर यांना लिहिलेली पत्रे 'हर्फ-ए-आशना' आणि 'जेर-ए-लब' या संग्रहांतून आली. जाँनिसार मुंबईत चित्रपटसृष्टीत पाय रोवण्याच्या धडपडीत. सफिया भोपाळच्या हमीदिया कॉलेजात शिकवून दोन मुलांना सांभाळणाऱ्या. जानेवारी 1953 मध्ये त्या गेल्या. या पत्रांचे उर्दूत भरपूर कौतुक झाले. त्यातले प्रेम, भाषेची नजाकत, पत्नीचा त्याग यावर पाने भरली. पण पत्रे वाचताना मला दर वेळी जाणवते ते हे की आजारी बाईच नवऱ्याला धीर देते आहे. तिचे दुखणे ती हलके करून सांगते, कारण तो दूर आहे आणि त्याला काळजी वाटेल. तिच्या मृत्यूनंतर जाँनिसार यांनी 'खाक-ए-दिल' ही शोककविता लिहिली आणि ती गाजली. मरणानंतरचा शोक लिहिणारा नवरा आपल्या परंपरेला ठाऊक आहे. मर्सिया आपल्याला येतो. आजारपणातली सोबत लिहिणारा नवरा आपल्याला ठाऊक नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांचे 1811 मध्ये पॅरिसला स्तनाचे ऑपरेशन झाले, तेही भूल देण्याची सोय नसताना. त्या दिवशी नवरा घरी असू नये अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच केली, त्याला बघवणार नाही म्हणून. नंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळे सांगितले. आपल्या वेदनेपासून नवऱ्याला वाचवणे हेही बाईचेच काम, ही समजूत दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये होती आणि आज आपल्या मोहल्ल्यातही आहे.

भारतीय कथेत या रोगाचे सर्वांत भेदक चित्र महाश्वेतादेवींच्या 'स्तनदायिनी' या बंगाली कथेत सापडते. नवऱ्याचे पाय अपघातात गेल्यावर जशोदा एका श्रीमंत घरातल्या मुलांना दूध पाजून संसार चालवते. ज्या अवयवावर दोन घरे जगली त्यालाच शेवटी कर्करोग होतो. तोवर मालकांची गरज संपलेली असते आणि नवऱ्याचे मनही दुसरीकडे गेलेले असते. हॉस्पिटलात ती एकटी मरते. समीक्षकांनी या कथेत मातृत्वाचे शोषण पाहिले, देशाचे रूपक पाहिले. ते वाचन बरोबर आहे. मला मात्र वाटते की रूपकाच्या नादात एक साधी गोष्ट सुटते : जशोदेजवळ कोणी बसलेले नाही. रोग जितका भयंकर आहे तितकीच ती रिकामी जागा भयंकर आहे.

मराठीत वेगळे चित्र दिसते ते अनिल अवचट यांच्या लेखनात. ('हमीद' हे दलवाईंवरचे पुस्तक लिहिणारे हेच अवचट.) पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत आणि अवचट घरी राहून मुलींचे पाहत, स्वयंपाक करत, लिहीत. 1986 मध्ये दोघांनी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. 1997 मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या. अवचटांना घरातल्या कामाची भाषा आधीपासून येत होती, म्हणून त्यांना पत्नीविषयी, तिच्या आजाराविषयीही आडपडदा न ठेवता बोलता आले, असे मला वाटते. ज्याने कधी डाळ शिजवली नाही तो पुरुष आजारी बायकोच्या तोंडाची गेलेली चव कशी लिहिणार?

इथे एक आक्षेप येईल, आणि माझ्या एका शिक्षिका सहकाऱ्यांनी तो घेतलाही. त्या म्हणाल्या, "सर, रोग बाईला, कापलं बाईला, आणि कथेचा नायक पुन्हा नवराच का?" आक्षेप खरा आहे. नवऱ्याच्या सेवेचे पोवाडे गाऊन बाईचा आवाज दाबायचा असेल तर असे लेखन न झालेले बरे. या विषयावर पहिला हक्क त्या बाईचाच आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की सोबत हे मोठे शौर्य नाही, ते रोजचे काम आहे, आणि त्या कामाचे चित्रण झाले तरच ते पुरुषाचेही काम आहे असे वाचणाऱ्या पोराला वाटेल. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांच्या पोशाखाची उपमा दिली आहे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आरशापुढे उभी राहणारी बाई डोळ्यांपुढे आणली की त्या उपमेचा अर्थ किती खोल जातो, हे कळते.

शेवटी एका मजकुराविषयी सांगतो. तो छापलेला नाही. आमच्या परिसरातले एक जोडपे आहे. तो टेम्पो चालवतो, ती घरी मुलींना कुरआन आणि उर्दू शिकवते. नावे सांगत नाही. तिचे ऑपरेशन झाले, केमो झाली, मग रेडिएशन. आता रोजची गोळी चालू आहे, ती काही वर्षे घ्यायची आहे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाऊणशे किलोमीटरच्या खेपा दोघांनी मिळून केल्या. त्याला मी म्हणालो, यावर लिहायला हवे. तो म्हणाला, "सर, इसमें लिखने सरका क्या है? मैं तो खाली संग में था."

पण त्याने लिहिले होते. दोनशेपानी वहीत, सातवीपर्यंत शिकलेल्या उर्दूत. औषधांची नावे तेवढी देवनागरीत. दर एकवीस दिवसांनी एक तारीख. 'लाल दवा, दूसरी बार.' हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, एसटीचे भाडे. 'आज आधी रोटी खाई.' 'आज बात नहीं की.' रमजानच्या पानावर : 'डॉक्टर ने रोजे मना किए. बहुत रोई.' खाली हाफिजसाहेबांना विचारून आलेले उत्तर, की आजाऱ्याला सवलत आहे. एका पानावर फक्त तीन वाक्ये : 'आज पट्टी बदली. मैंने देखा. उसने भी देखा.' काखेतल्या गाठी काढल्यावर हात वर जात नाही, म्हणून भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने दर आठवड्याला पेन्सिलीने रेघ मारली आणि वहीत ती किती बोटे वर सरकली ते लिहिले. हात वर जाईपर्यंत मुलीच्या वेण्या त्यानेच घातल्या, हे मात्र वहीत नाही. ते मुलीने सांगितले.

समीक्षक म्हणून मला या वहीचे मोल मोठे वाटते. तिच्यात सबर हा शब्द एकदाही येत नाही, पण सबर काय असतो ते कळते. तिच्यात रूपक नाही. आजारी बाई देवी नाही आणि नवरा फरिश्ता नाही. एका पानावर त्याने तिच्यावर ओरडल्याचीही नोंद आहे. आपल्या साहित्यात आजारपण आलेच तर ते नशीब, कसोटी किंवा सजा म्हणून येते. या वहीत ते मंगळवार, बुधवार असे येते.

अशा लेखनाची गरज केवळ साहित्याची नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईत 1998 पासून 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्के कमी झाले. तपासणारी बाईच होती आणि यंत्र लागले नाही. अडते ते गाठ आहे हे सांगण्यापाशी आणि ऐकण्यापाशी. आणि हा रोग फक्त बायकांचा नाही. शंभरातला सुमारे एक रुग्ण पुरुष असतो. पुरुषाला तर हे सांगायला शब्दच नाहीत.

वहीचा उल्लेख करू का, असे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. त्याने बायकोकडे पाहिले. तिने सांगितले की उपचार संपल्यावर तिने वही पहिल्यांदा वाचली, तेव्हा दोन तारखा चुकलेल्या आढळल्या. त्या तिने निळ्या शाईने दुरुस्त केल्या होत्या, आणि ओरडल्याच्या नोंदीपुढे एक शब्द जोडला होता : 'दो बार'. आपल्या पुढच्या वार्षिकांकांत अशी दोन हातांनी लिहिलेली कथा यावी, एवढीच अपेक्षा.