आर्ष प्रयोग की शिकाऊची चूक? : ‘द शॅग्ज’ या हौशी वाद्यवृंदाचे एक प्रकरण

अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात फ्रीमॉन्ट नावाचे एक लहान गाव आहे. तेथील विगिन कुटुंबातील डॉट, बेटी आणि हेलन या तीन बहिणी १९६९ च्या मार्च महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील रिव्हिअर येथील ध्वनिमुद्रणगृहात आपली बारा गाणी मुद्रित करण्यासाठी गेल्या. दोघींच्या हाती गिटार होत्या, तिसरी ड्रम वाजवीत असे. त्या दिवसाविषयी एक हकीगत सांगितली जाते. गाणे चालू असता बहिणी मध्येच थांबत. कोणाची तरी चूक झाली आहे असे सांगत आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागत. यंत्रापाशी बसलेल्या माणसांना मात्र चुकलेला भाग कोणता आणि बरोबर वाजलेला कोणता, याचा काही केल्या उलगडा होत नसे.

ही हकीगत सामान्यतः विनोद म्हणून सांगितली जाते. भाषेच्या अभ्यासकाने मात्र ती हसून सोडून देण्याजोगी नाही. जेथे चूक ओळखता येते तेथे नियम असतो, हे व्याकरणविचाराचे प्रथम सूत्र होय. तिघींपैकी एकीने केलेला प्रमाद इतर दोघींना तत्काळ कळत असेल, तर तिघींच्या मनांत त्या गाण्याचे एक निश्चित रूप वसत होते असे मानणे प्राप्त आहे. ते रूप बाहेरच्या कानाला ऐकू येत नव्हते, एवढाच त्या प्रसंगाचा अर्थ. ‘द शॅग्ज’ या नावाने निघालेल्या ‘फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड’ या ध्वनिमुद्रिकेवर आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात या साध्या गोष्टीचा विचार फारसा झालेला दिसत नाही. निंदकांनी ते संगीत म्हणजे केवळ गोंधळ ठरविले. स्तुतिपाठकांनी त्याच गोंधळाला प्रतिभा म्हटले. बहिणींना स्वतःला संगीताविषयी काय वाटत होते, हे दोन्ही पक्षांनी गौण मानले.

या वाद्यवृंदाची उत्पत्ती विलक्षण आहे. वडील ऑस्टिन विगिन हे कापडगिरणीतील कामगार. त्यांच्या आईने हात पाहून भविष्य सांगितले होते की, त्यांची पत्नी पिंगट-तांबूस केसांची असेल, आईच्या मृत्यूनंतर त्यांना दोन मुलगे होतील आणि त्यांच्या मुली एका लोकप्रिय वाद्यवृंदात वाजवतील. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या ठरल्या, तेव्हा तिसरी घडवून आणणे हे ऑस्टिन यांनी आपले कर्तव्य मानले. मुलींना शाळेतून काढून टपालाने चालणाऱ्या शिक्षणक्रमात घातले, वाद्ये विकत आणली, गायनाचे धडे लावले. वडील गिरणीत असताना सराव, ते परतल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा सराव, आणि त्यात भर म्हणून शारीरिक कसरती, असा दिवसाचा क्रम असे. बाहेरच्या मुलामुलींशी मिसळण्यास जवळजवळ बंदीच होती. शनिवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात नृत्याचा कार्यक्रम होई व तेथे या बहिणी वाजवीत. श्रोते बहुतांशी गावातील तरुण मंडळी. त्यांची थट्टा आणि कधीकधी अंगावर फेकलेले पेयांचे रिकामे डबेही मुकाट्याने सोसावे लागत.

अशा वृंदाला ‘हौशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीतील ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’वरून आला आणि वाटेत त्याची तीव्रता निवळून त्याला आनंदाचा रंग चढला. इंग्रजीतील ‘अ‍ॅमॅचर’ या शब्दाच्या मुळाशीही प्रेम करणारा असाच अर्थ आहे. आपल्याकडील हौशी रंगभूमीवर दिवसभराची नोकरी आटोपून तालमीला धावणारा नट या शब्दाला सर्वस्वी पात्र ठरतो. विगिन भगिनींच्या बाबतीत मात्र हौस एकाची आणि कष्ट तिघींचे, अशी विभागणी होती. त्या व्यावसायिक नव्हत्या एवढे खरे. परंतु व्यावसायिक नसलेला प्रत्येक जण हौशी असतो, असे समीकरण या उदाहरणात टिकत नाही.

आता प्रत्यक्ष गाण्यांकडे वळावयाचे. गाणी डॉट रचीत असे आणि त्यांत शब्द आधी, सूर मागाहून असा क्रम होता. त्याचा परिणाम पहिल्या कडव्यातच कानी पडतो. ओळीत जितकी अक्षरे तितके स्वर; वाक्य लांबले की चालही लांबते, वाक्य आखूड झाले की ती तुटते. शिवाय मुख्य गिटार गायिकेचा स्वर अक्षरशः पावलागणिक गिरवीत जाते, त्यामुळे गद्य वाक्याची असमान लांबी वाद्यातही जशीच्या तशी उतरते. मराठी वाचकाला येथे जात्यावरच्या ओवीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे; कारण ओवीच्या चरणांतही अक्षरसंख्या काटेकोर नसते. परंतु दोहोंतील भेद साम्याहून अधिक उद्बोधक आहे. ओवीत जात्याचा फेरा ठरलेला असतो. दळणारी बाई जादा अक्षरे त्या फेऱ्यात कोंबते, कमी पडली तर स्वर लांबविते. म्हणजे शब्द चालीच्या स्वाधीन असतात. डॉटच्या गाण्यात चाल शब्दांच्या स्वाधीन आहे, आणि शब्द नेहमीच्या बोलण्यातले आहेत. फेरा असा नाहीच. हेलनच्या ड्रमचा ठेका आपल्या स्वतंत्र गतीने चालतो. त्याची आणि गाण्याची गाठ केव्हातरी पडते, पण ती समेवर आल्याचे समाधान देत नाही.

ही पद्धत सर्वत्र सारखीच साधते असे म्हणता येणार नाही. ‘माय पाल फुट फुट’ हे गाणे डॉटच्या मांजराविषयी आहे. मांजर हरवले आहे, ते शोधावयाचे आहे. या विषयात बोलणे थांबते, पुन्हा सुरू होते, एकच नाव वारंवार उच्चारले जाते. त्यामुळे लयीची ठेचाळ अर्थाला पोषक ठरते. ‘हू आर पेरेन्ट्स?’ या गाण्यात आईबापच काय ते आपले खरे हितकर्ते असा उपदेश आहे. तो कोणत्या घरात लिहिला गेला हे ध्यानात घेता, एकसुरी चालीत म्हटलेले ते शब्द ऐकणाऱ्याच्या मनात कालवाकालव करतात. ती रचयित्रीला अभिप्रेत होती असे मानण्यास आधार नाही. उलट प्रेमगीते फिकी आहेत. त्यांतील शब्द ऐकिवातले, आणि त्यांना साजेशी ऐकीव चाल मात्र हाती आलेली नाही.

१९६९ मध्ये निघालेली ही मुद्रिका फारच थोड्या लोकांच्या हाती पडली. १९७५ मध्ये ऑस्टिन यांचा मृत्यू झाला आणि वृंद तत्काळ मोडला. पुढे एनआरबीक्यू या वृंदातील कलावंतांच्या खटपटीने १९८० मध्ये तिची पुनरावृत्ती निघाली, १९८१ मध्ये लेस्टर बँग्ज या समीक्षकाने तिचा गौरव केला, आणि या बहिणी बीटल्सहून श्रेष्ठ असल्याचा शेरा फ्रँक झप्पाच्या नावावर रूढ झाला. येथून पुढे घडले ते संस्कृतज्ञांना परिचित आहे. पतंजलीने एकेका शुद्ध शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात हे दाखविताना ‘गौः’ या शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका ही रूपे दिली आहेत. सामान्य माणसाच्या तोंडी असे रूप आले तर तो अपशब्द. परंतु पाणिनीच्या नियमात न बसणारे रूप ऋषीच्या मुखातून आले की टीकाकार त्याला ‘आर्ष’ म्हणून वंदन करतात. शब्दाचे रूप तसेच राहते, बदलतो तो वक्त्याचा अधिकार. विगिन भगिनींना हा ऋषीचा अधिकार एका रात्रीत बहाल झाला, आणि तो देणाऱ्या शिष्टांनी त्यांची संमती विचारली नव्हती.

संमती विचारली असती तर काय उत्तर मिळाले असते? मूळ मुद्रिकेच्या वेष्टनावर या मुली बाह्य प्रभावापासून अलिप्त असल्याचा अभिमानपूर्वक निर्वाळा दिलेला आहे, आणि नंतरच्या स्तुतीचा पायाही तोच. परंतु डॉटच्या आवडत्या वृंदांत हर्मन्स हर्मिट्स हे नाव येते. मँचेस्टरच्या या वृंदाची गाणी म्हणजे सुबक, चौकोनी, प्रत्येक ओळ वेळेवर संपणारी रचना. म्हणजे या बहिणींच्या कानांपुढे जो आदर्श होता तो सर्वांचाच होता. त्यांना निराळे काही करावयाचे नव्हते. मुद्रणास आपली तयारी झालेली नाही असेच त्यांना वाटत होते. घाई वडिलांची होती. पुढे मुलाखतींतही त्यांनी या कीर्तीविषयी अभिमानापेक्षा संकोच आणि आश्चर्यच अधिक प्रकट केले. याहून बळकट पुरावा १९७५ मधील त्यांच्या मुद्रणाचा आहे. ते १९८२ मध्ये ‘शॅग्ज ओन थिंग’ या नावाने बाहेर आले. त्यात कार्पेंटर्सचे एक लोकप्रिय गीत त्यांनी म्हटले आहे. ताल बराच जुळलेला आहे, सूर सावरलेला आहे. सहा वर्षांच्या सरावाने त्या सर्वसामान्य नियमाच्या जवळ येत होत्या. अनेक चाहत्यांना हे दुसरे मुद्रण पहिल्याइतके मोहक वाटत नाही, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. शिकणाऱ्याने शिकू नये अशी ही अपेक्षा होय.

शिकाऊच्या चुकांचा विचार पिट कॉर्डर यांनी १९६७ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात केला, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘अंतरभाषा’ ही कल्पना मांडली. शिकणारा माणूस लक्ष्यभाषेच्या वाटेवर असताना जे बोलतो त्याला स्वतःची व्यवस्था असते. ती अपुरी असली तरी स्वैर नसते, असा त्या विचाराचा आशय. रिव्हिअरच्या ध्वनिमुद्रणगृहात जे ऐकू आले त्याला हीच संज्ञा चपखल बसते. तिघीच भाषक असलेली, घराच्या चार भिंतींत अहोरात्र बोलली गेलेली ती एक अंतरभाषा होती. बाहेरचे भाषक तिला भेटले ते शनिवारच्या सभागृहात, आणि तेही हातात डबे घेऊन. दुरुस्ती करणारा, उत्तर देणारा संवादी त्यांना लाभला नाही. म्हणून ती अपभ्रंशाच्या कोटीत टाकणे जसे अन्यायाचे, तसेच तिला आर्ष म्हणणेही चुकीचे. आर्ष ठरविल्याने प्रयोगाचा गौरव होतो, परंतु वक्त्याला काय म्हणावयाचे होते हा प्रश्न कायमचा मिटविला जातो.

या प्रकरणाला अलीकडे एक निराळे वळण लागले आहे. संत एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते लेखकांच्या हस्तदोषांनी पाठ बिघडला होता म्हणून. येथे उलट घडले. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अ‍ॅडम्स येथील सॉलिड साउंड महोत्सवात डॉट आणि बेटी या दोघी पुन्हा रंगमंचावर आल्या. हेलन २००६ मध्ये निवर्तल्या होत्या. साथीला कसलेले वादक होते. त्यांनी १९६९ च्या मुद्रणावरून एकेक स्वर आणि ड्रमचा एकेक आघात टिपून घेऊन तो पाठ केला होता. ज्या गाण्यांतील बरोबर आणि चूक एके काळी त्या तिघींवाचून कोणालाही सांगता येत नसे, त्यांत आता एखादा वादक चुकला असता तर ते समोरच्या श्रोत्यांपैकीही अनेकांना कळले असते.