दहा हजार पावलांचा हिशेब

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात नोकरी करणारे आमचे एक परिचित परवा रात्री दहा वाजता आपल्या सोसायटीच्या वाहनतळात फेऱ्या मारताना दिसले. कार्यालयात पावलांची स्पर्धा चालू होती. मनगटावरचे यंत्र ९,२०० पावले दाखवत होते आणि १०,००० झाल्याखेरीज त्यांना झोपायचे नव्हते. ‘दहाच हजार का?’ असे आम्ही विचारले. ‘शास्त्रज्ञांनीच सांगितलंय ना!’ असे उत्तर आले. शास्त्रज्ञांच्या नावावर खपणारा हा आकडा तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ साली यामासा या जपानी कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. पूर्णांकी, लक्षात राहणारे असे हे नाव होते. किती पावले चालल्याने आयुष्यावर किती परिणाम होतो हे मोजणारे मोठे अभ्यास मात्र तेव्हा झालेले नव्हते.

ते पुढे झाले. अमेरिकेतील १६,७४१ वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या पुढे मात्र फायदा वाढताना दिसला नाही. १५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०२२ साली झाले. त्यात साठीपुढच्यांसाठी ही मर्यादा ६ ते ८ हजार आणि त्याहून लहान वयाच्यांसाठी ८ ते १० हजार आढळली. म्हणजे तरुणांच्या बाबतीत तो जपानी आकडा फारसा चुकलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. चूक आहे ती त्याला उंबरठा मानण्यात. १०,००० ला उत्तीर्ण आणि ९,२०० ला नापास, असे शरीराचे गणित नसते. सर्वांत मोठा लाभ अगदी कमी चालणारा माणूस थोडे अधिक चालू लागतो तेव्हा होतो. नेमका तोच माणूस हा आकडा ऐकून ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून बसून राहतो.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, चालल्यामुळे माणसे निरोगी राहतात, की निरोगी माणसेच जास्त चालतात? प्रश्न जुना आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. निष्कर्ष सरळ वाटतो. परंतु मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे गणवेशांच्या नोंदी तपासल्या. तेव्हा तरुण चालकांच्या विजारींची कंबरही वाहकांपेक्षा मोठी आढळली. म्हणजे दोन्ही गट मुळातच सारखे नव्हते! स्वतःच्या निष्कर्षावर अशी शंका घेणे हे खरे विज्ञान. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी हालचालीचा लाभ पक्का केला, पण तो अशा शंकांना तोंड देऊन.

आता थोडा हिशेब करू. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. मिनिटाला सुमारे १०० पावले ही मध्यम श्रमाची चाल धरली, तर १५० मिनिटांची १५,००० पावले होतात. रोजची भरली सुमारे २,१००. घरातल्या आणि कामावरच्या येरझाऱ्यांखेरीज एवढी, तीही जरा झपाझप, चालली तर किमान अपेक्षा पूर्ण होते. त्याच शिफारशीत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही आहे. जोर-बैठका पावलांत मोजता येत नाहीत, म्हणून मनगटावरच्या यंत्राला त्या फारशा कळत नाहीत.

आमचा मोठा आक्षेप वेगळाच आहे. आकडा एकट्या माणसाच्या मनगटावर बांधला की सारा दोषही त्याच्याच गळ्यात पडतो. हिंजवडीत अनेक ठिकाणी सलग पदपथ नाही. रस्ता ओलांडणे हेच एक साहस आहे. कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर राहणाराही वाहन काढतो. याला केवळ आळस कसे म्हणावे? पावलांच्या स्पर्धेपेक्षा सावलीचा, दिव्यांचा, अखंड पदपथ अधिक पावले चालवील असे आम्हाला वाटते.

आणि शाळा? ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी, असे तीच शिफारस सांगते. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, आणि तो बहुधा गणित-विज्ञानालाच दिला जातो. आपणही तो तास कधी मागून घेतला असेल. तो परत करावा.

यंत्राची गरज नाही. मुलांना मैदानावर एक मिनिट रमतगमत व एक मिनिट झपाझप चालायला सांगावे. प्रत्येक वेळी पावले आणि नाडीचे ठोके मोजून तक्ता करावा. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची सोपी खूण पडताळावी. मग फळ्यावर १०,००० हा आकडा लिहून विचारावे, ‘हा कोणी मोजला, आणि कसा?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर तो तास विज्ञानाचाही झाला असे समजावे.