डबा : नेणाऱ्यांचा आणि भरणाऱ्यांचा

डब्याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यावर चित्रपट निघाले, व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत व्याख्याने झाली, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या भरल्या. या सगळ्या साहित्याविषयी आमची एक तक्रार आहे आणि ती सुरतेतल्या मराठी घरांपुढे मांडण्यासारखी आहे, असे आम्हांस वाटते. डबा कसा पोचतो हे त्यात सविस्तर येते. डबा कोणाला मिळतो हेही येते. पहाटे पाच वाजता शिजवलेले अन्न दुपारी एक वाजता, शिजवणारीच्या गैरहजेरीत, निवून गेलेले असताना खाण्याजोगे कसे राहते, या प्रश्नाकडे मात्र लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी जवळजवळ पाठ फिरवली आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांची कथा वाचकांना तोंडपाठ असेल. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेले काम, मावळ-जुन्नर-खेडकडची माणसे, पांढरी टोपी, डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणा, २००३ साली युवराज चार्ल्स यांनी चर्चगेटला घेतलेली भेट, २०१० साली हार्वर्डने केलेला अभ्यास. हा गौरव सार्थच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, सेवा थांबली आणि पूर्वीची संख्या डबेवाल्यांना अद्याप गाठता आलेली नाही, हेही या गौरवकथेच्या जोडीने सांगितले गेले पाहिजे. पण या लेखनाची एक खोड लक्षात घ्यावी. साठ लाख डब्यांत एक चूक, असे कोठे छापले जाते. एक कोटी साठ लाखांत एक, असे दुसरीकडे. ही चूक कोणी आणि कशी मोजली, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. आणि मोजली जाते ती चूक एकाच प्रकारची, पत्त्याची. डब्यातली भाजी दुपारी आंबली, तर ती चूक कोणाच्याच हिशेबात धरलेली नाही.

रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटाने ही खोड नेमकी पकडली आहे, आणि म्हणूनच आम्ही त्याला या विषयावरची सर्वांत जाणती कलाकृती मानतो. इला नवऱ्यासाठी भरलेला डबा साजन फर्नांडिस नावाच्या, निवृत्तीला आलेल्या विधुर कारकुनाकडे जातो. डबा चुकीच्या ठिकाणी जातो आहे, हे ती डबेवाल्याला सांगते, तेव्हा तो तिच्यापुढे हार्वर्डच्या अभ्यासाचा दाखला ठेवतो. डबा तिने भरला आहे, रिकामा डबा तिच्याच हाती परत आला आहे, बरोबरही तीच आहे. पण प्रमाण मानायचे ते हार्वर्डला! एवढ्या छोट्या प्रसंगात दिग्दर्शकाने वाहतुकीच्या स्तुतीचे सगळे वाङ्मय तपासून टाकले आहे.

तिला चूक कळते तीही स्वयंपाकाच्या खुणेवरून. न केलेल्या भाजीची स्तुती नवऱ्याच्या तोंडून येते, तेव्हा ती उमगते. साजनची पहिली चिठ्ठीही जेवण खारट झाल्याची तक्रार करते. भरणारी आणि खाणारा यांच्यात बोलणे सुरू होते ते मिठावरून. मात्र पुढे चिठ्ठ्यांचा मजकूर वाढत जातो, तसा डबा मागे पडतो आणि शेवटी निव्वळ टपालपेटी उरतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू, भारती आचरेकरांच्या आवाजातल्या, तर पडद्यावर दिसतच नाहीत. मसाल्याची टोपली तेवढी खिडकीतून खाली येते. स्वयंपाकाचे ज्ञान जिच्याकडे आहे, ती अदृश्य असावी, हा योगायोग आहे की भाष्य, याचा निर्णय आम्हांला करता आलेला नाही.

अमोल गुप्ते यांच्या ‘स्टॅनले का डब्बा’मध्ये (२०११) प्रश्न उलट बाजूने येतो. मुलाजवळ डबा नाही. दुसऱ्यांचे डबे खाणारा मास्तर त्यालाच डबा आणल्याशिवाय शाळेत येऊ नकोस म्हणून बजावतो. अखेरीस डबा येतो तो उपाहारगृहातल्या उरलेल्या अन्नाचा, आणि मूल सांगते की आईने केला. आई या जगात नाही. डबा म्हटले की त्यामागे आई असलीच पाहिजे, ही समाजाची अट एका अनाथ मुलाला कल्पित कथा रचायला लावते. हा शेवट भावविवश म्हणून टाकून देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘गुलाबजाम’मधली (२०१८) राधा पुण्यात डबे करून देते, परंतु तिथे डबा हा कथेचा उंबरठा आहे. तो ओलांडला की चित्रपट स्वयंपाकघरात शिरतो आणि ताटाच्या देखणेपणात रमतो.

ताटाचा हा मोह जुनाच आहे. १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्रा’पर्यंत (१९१०) आणि तेथून कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) मराठीत पाकशास्त्राची सलग परंपरा आहे. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप आणले आणि नव्या सुनेला अंदाजाच्या जाचातून सोडवले, हे तिचे ऋण मोठे आहे. तथापि अशा पुस्तकांतली कृती बहुधा ‘गरम गरम वाढावे’ येथे थांबते. तेल किती, मीठ किती, आच किती, हे सांगितले जाते. आठ तासांनी काय, हे माप बहुधा राहून जाते. ललित लेखनाची तऱ्हाही निराळी नाही. पुलंचे ‘माझे खाद्यजीवन’ अप्रतिम आहेच, पण ते खाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे आणि खाणारा पानावर बसलेला आहे.

आपले शहर तर गरम खाण्यासाठीच प्रसिद्ध. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण ऐकत आपल्या तीन-चार पिढ्या येथे वाढल्या. ते जमण म्हणजे कढईतून पानात. लोचो निवला की त्याला कोणी हात लावीत नाही. अशा गावात पहाटे डबा भरणे ही वेगळी विद्या आहे. यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळीवर जाणारा लिंबायत-उधन्याचा खानदेशी कामगार असो, कचेरीतला माणूस असो, की पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबई गाठणारा पासधारक, तिघांच्याही डब्याचा वैरी एकच, सुरतेची दमट हवा. (त्या गाडीचे दुमजली डबे १९७९ साली आले आणि जुलै २०२३ मध्ये गेले; त्या डब्यांवर जेवढे हळहळून लिहिले गेले, त्याच्या दशांशही त्यांत उघडल्या गेलेल्या डब्यांवर लिहिले गेले नाही.)

या विद्येचा मूळ प्रश्न पाण्याचा आहे. गरम अन्नावर झाकण बसवले की वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पोळीवर उतरतात. पोळीचा लगदा होतो, भेंडी बुळबुळीत होते, भात दुपारपर्यंत आंबूस होतो. म्हणून अन्न निवले पाहिजे. पण सहाची पाळी गाठायची, तर निवायला वेळ नाही. यातून पहाटेच्या कामाचा क्रम ठरतो: भाजी आधी, ती ताटात पसरून ठेवायची, मग पोळ्या, त्याही एकावर एक न रचता फडक्यावर मोकळ्या. दुधी किंवा कोबी पाणी सोडणारच, तेव्हा पीठ पेरून ती भाजी कोरडी करायची; डाळीचे पीठ ते पाणी पिऊन घेते. ओल्या नारळाऐवजी दाण्याचा कूट, कारण येथल्या मे महिन्यात नारळ एक वाजेपर्यंत टिकत नाही. दहीभातात दूध भरपूर आणि दही नावापुरते. डब्यातच विरजण लागून तो दुपारी बेताचा आंबट होतो. स्टेनलेस स्टील घरोघर येण्यापूर्वी पितळी डब्याची कल्हई उडालेली नाही ना, हेही आंबट काही देताना पाहावे लागे. दहीभाताची रीत विशेष सांगण्यासारखी आहे, कारण तीत स्वयंपाक घरी पुरा होतच नाही. उरलेले काम काळ करतो, आणि त्या काळाचा हिशेब करणारी बाई तेव्हा तेथे नसते.

मराठीत या अन्नाला जुना, स्वतंत्र शब्द होता: शिदोरी. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी हे तिचे मुख्य अंग. ती सोवळ्यातही चाले आणि प्रवासात टिकेही. वारकरी संतांनी काल्याचे अभंग रचले. तेथे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, त्या एकत्र कालवल्या जातात आणि कोणाची कोणती, हा भेद उरत नाही. भरलेल्या डब्याकडे इतक्या जवळून पाहणारे काव्य पुढे आपल्याकडे फारसे झाले नाही. आज हा शब्द भाषणांच्या शेवटी ‘विचारांची शिदोरी’ म्हणून उरला आहे. तीत दशमी नाही.

सुरतेच्या मराठी घरांत दशमीची जागा ठेपल्याने घेतली. याचे दुःख करणारे लेख आम्ही वाचले आहेत. आम्हांला ते पटत नाहीत. कणकेत तेल आणि दही घालून केलेला ठेपला दोन-तीन दिवस मऊ राहतो. गुणाने तो दशमीचा सख्खा भाऊ आहे, आणि शेजारणीकडून तो शिकणाऱ्या बाईने आपली परंपरा सोडली नाही, पुढे नेली. खानदेशी घरांनी कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोडली नाही. शेवभाजी द्यायचीच, तर रस्सा एका पुडात आणि शेव कागदाच्या पुडीत निराळी. डब्याची वाचा यापेक्षा स्पष्ट काय असणार?

हरवते ते ठेपल्यामुळे नव्हे, लाजेमुळे. मधल्या सुट्टीत डबा उघडतो, तेव्हा घर उघडे पडते. भाकरीच्या वासाला नाक मुरडले गेले की मूल दुसऱ्या दिवशी पाव-जाम मागते. सुकट-बोंबिलाची तर गोष्टच नको. अनेक शाळांत मांसाहारी डबा आणू नये अशी सूचनाच असते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या अन्नाची नोंद केली आणि मराठी पाकसाहित्याने काय काय वगळले, ते ढळढळीत दाखवले. काल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या मिसळतात, असे आपण कीर्तनात ऐकतो; शाळेत काही डबे उघडायच्या आधीच परत जातात. आपल्या मंडळांच्या स्नेहभोजनांत कोणते पदार्थ ‘मराठी’ ठरतात आणि कोणते घरीच राहतात, हेही या संदर्भात पाहावे.

भरणाऱ्या हाताला मोल मिळाल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे. मुंबईत गिरणी कामगारांना खाणावळीचे जेवण घालणाऱ्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरातल्या डब्याची नोंद मात्र सरकारी वेळमोजणीतच होते: २०१९ च्या पाहणीनुसार घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७.

परदेशातल्या एका लेखाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण आम्ही जे मागतो आहोत, ते त्यात झाले आहे. अ‍ॅन अ‍ॅलिसन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली जपानी बालवाडीतल्या बेंतोवर, म्हणजे मुलांच्या घरून येणाऱ्या डब्यावर निबंध लिहिला. डबा चिमुकला, रंगांनी सजवलेला, आणि मुलाने तो वेळेत पुरा संपवलाच पाहिजे. त्यांचा निष्कर्ष असा, की शाळा डब्यातून मुलाची आणि त्याहूनही आईची परीक्षा घेते. राज्यसंस्थेची शिस्त भाताच्या मुदीतून घरात शिरते. आपल्याकडच्या शाळांतून ‘पौष्टिक डब्या’ची वारनिहाय यादी घरी येऊ लागली आहे, ती पाहता हा निष्कर्ष परका वाटत नाही. तथापि आमचा एक आक्षेप आहे. डब्यात केवळ आज्ञापालन पाहिले, तर भाताच्या मधोमध बसवलेल्या खारवलेल्या उमेबोशीचे काम दिसत नाही. भात टिकावा, हा तिचा जुना हेतू आहे. आपल्या लिंबाच्या लोणच्याची फोड तेच करते. सजावट शाळेसाठी असेल; हे शहाणपण शाळेच्या आधीचे आहे, आणि ते ज्यांनी साठवले, त्यांना केवळ परीक्षार्थी म्हणणे अपुरे आहे.

डब्याची खरी समीक्षा घरोघर रोज संध्याकाळी होते. परत आलेला डबा उघडला जातो, काय उरले ते पाहिले जाते. इलाच्या कथेची सुरुवातही चाटूनपुसून परत आलेल्या डब्यापासूनच होते. ही समीक्षा लेखी रूपात आम्ही एकाच ठिकाणी पाहिली आहे, जुन्या पाककृतींच्या पुस्तकांच्या समासांत. हळदीचे डाग पडलेल्या, शिवण सुटलेल्या प्रतींत छापील कृतीच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले असते: ‘डब्याला नको, पाणी सुटते’, ‘कूट दुप्पट’, ‘उन्हाळ्यात नारळ वगळणे’, ‘रात्रपाळीला चालते’. एका प्रतीत सासूच्या शेऱ्याखाली सुनेने ‘नाही चालत’ असे लिहिले आहे आणि तारीख घातली आहे. अशा प्रती आणि वह्या ज्या घरांत असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथालयात आठवडाभरासाठी द्याव्यात. समासांच्या नकला करून घेऊन मूळ प्रती परत केल्या जातील. पाने फाटलेली असली तरी चालतील. डाग पुसू नयेत.