'कोसला' आणि धाराशिवचा विद्यार्थी

खेड्यातून मोठ्या शहरी शिकावयास गेलेल्या मुलाच्या अंतःकरणातील उलथापालथ श्री. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या 'कोसला' (१९६३) कादंबरीइतक्या समर्थपणे मराठीत क्वचितच उतरली असेल. ह्या ग्रंथाचे गुण आजवर पुष्कळांनी सांगितले आहेत. धाराशिवच्या वाचकास मात्र तो किंचित निराळा दिसेल.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जाणाऱ्या मुलास १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. तेथील परकेपणा उघड होता, आणि तो मराठी, तेलुगू, कानडी अशा साऱ्यांच्या वाट्यास सारखाच येई. एकत्र सोसलेला सल एकत्र बोलताही येतो. १९३८ सालची तेथील विद्यार्थ्यांची 'वंदे मातरम्' चळवळ ह्याची साक्ष देईल.

पुण्याची गोष्ट तशी नाही. तेथील भाषा मराठीच. म्हणूनच आपल्या बोलण्यास कोणी हसले, की दोष राज्याचा नसून आपल्या जिभेचा, किंबहुना आईच्या बोलीचा आहे असे मुलास वाटू लागते. हा अपमान कोणापाशी बोलण्यासारखा नसतो. दुसऱ्याने हसण्यापूर्वी स्वतःच स्वतःस हसून घेणे, हा पांडुरंग सांगवीकराने त्यावर शोधलेला उपाय होय. आणि त्या हसण्यातूनच 'कोसला'ची अपूर्व भाषा जन्मली, असे आम्हांस वाटते.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. पांडुरंग हा खानदेशातील सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांचा पैसा उधळून, नापास होऊन तो सांगवीस परततो. कारण परतण्याजोगे घर शिल्लक असते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या धाराशिवच्या कोरडवाहू घरातील मुलास ही मोकळीक कोठली? खानावळीचे बिल चुकते करताना त्यास घरचे विकलेले धान्य दिसते. नापास होणे हीदेखील एक चैन आहे, हे 'कोसला' सांगत नाही.

कळंब तालुक्यातील भास्कर चंदनशिव ह्यांनी 'लाल चिखल' ह्या कथेत भर बाजारात टोमॅटो तुडविणारा बाप उभा केला. तो बाप पाहिलेला मुलगा पुढे विद्यापीठाच्या वसतिगृहात पोहोचला म्हणजे काय सोसतो, हे सांगणाऱ्या तोलाच्या ग्रंथाची आम्ही वाट पाहत आहो.